खाजकुइली ओळखावी ती फुलांच्या दिवसांत

खाजकुइलीची ओळख करून घ्यायची असेल तर ती गणपती ते दसरा या दिवसांत करून घ्यावी. तेव्हा वेल फुलावर असते, पानं हिरवीगार असतात आणि शेंग धरलेली नसते, किंवा नुकतीच धरू लागलेली असते. आपल्याकडे मात्र बहुतेकांची तिच्याशी पहिली गाठ पडते ती पौष-माघात. तूर सोंगायला, धुऱ्यावरचं सरपण तोडायला, बोरं वेचायला माणूस झुडपात हात घालतो, वाळल्या शेंगेला धक्का लागतो आणि पुढचा तासभर अंगाची आग आग होते. मग घरात तिची एवढीच ओळख उरते की ही वेल वाईट. पोरांना तिच्यापासून लांब राहायला सांगतात, पण ती कशी दिसते हे कुणी दाखवत नाही. न ओळखणारं पोरच तिच्यात हात घालतं, हे लक्षात घेतलं तर या लेखाचं कारण कळेल.

बुलढाणा जिल्ह्यात तिला जागा भरपूर आहेत. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली सातपुड्याची रांग, अंबाबरवा अभयारण्याचं जंगल. मध्ये बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा बोथ्याचा घाट आणि त्याच्या अंगाने पसरलेलं ज्ञानगंगा अभयारण्य. शिवाय गावोगावचे नाले, पडीक माळ, बोरी-बाभळीची कुंपणं. उन्हं पोचतील अशी जागा, चढायला आधार आणि पावसाळ्यात ओल, एवढं मिळालं की तिचं भागतं. घनदाट सावलीपेक्षा जंगलाची कड आणि वाटेच्या बाजूची झुडपं तिला जास्त मानवतात. माणसाचा आणि तिचा संबंध वारंवार येतो तो यामुळेच. जिल्ह्यातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद कुणाला पाहायची असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा दिवाकर आणि शर्मा यांनी तयार केलेला ‘फ्लोरा ऑफ बुलढाणा डिस्ट्रिक्ट’ हा 2000 सालचा ग्रंथ आहे. हायस्कूल-कॉलेजच्या ग्रंथालयांनी तो मागवून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

शास्त्रात हिचं नाव म्युकुना प्रुरिएन्स. म्युकुना ही प्रजाती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदान्सों यांनी 1763 साली मांडली. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण पट्ट्यात मिळून तिच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आधाराला वेढे घालत चढणाऱ्या वेली आहेत. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या रानात एकाच मोठ्या बीची, आडव्या-तिरप्या चुण्यांची शेंग धरणारी म्युकुना मोनोस्पर्मा आहे. कोकणच्या किनाऱ्यालगत म्युकुना जायगँटिया आहे, तिच्या टणक बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरातून तर 2012 साली या प्रजातीतली एक नवीच जात जगापुढे आली. ऐतवडे आणि यादव या कोल्हापूरच्या अभ्यासकांनी तिला वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. संजप्पा यांच्यावरून म्युकुना संजप्पी असं नाव दिलं. इतकी माणसं राहतात, हिंडतात त्या डोंगरात एवढी मोठी वेल 2012 पर्यंत नाव नसलेली राहते, म्हणून आपल्या शिवारातही डोळे उघडे ठेवावेत. बुलढाण्याच्या कोरड्या पानगळीच्या रानात आपली गाठ पडते ती मात्र प्रुरिएन्सशी.

आता प्रत्यक्ष वेलीकडे वळू. मृगाच्या-आर्द्राच्या पावसानंतर बी उगवतं तेव्हापासूनच एक खूण मिळते. मूग, चवळी, वाल यांच्या रोपाला जमिनीवर येताना दोन जाड डाळिंब्या दिसतात. खाजकुइलीच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात आणि सरळ कोंब वर येतो. पुढे वेल झपाट्याने वाढते, एकाच पावसाळ्यात सहज पाच-सहा मीटरचा पल्ला गाठते आणि उन्हाळ्याआधी वाळून जाते. तिला काकडी-कारल्यासारखे ताणे नसतात. खोडच आधाराभोवती वेढे घालतं. ताणे दिसले तर ती वेल दुसरी कुठली तरी आहे, असं समजून पुढे जावं.

पान त्रिदल असतं. तीन पानांच्या वेली आपल्याकडे पुष्कळ, म्हणून तीन मोजून थांबू नका. मधलं दल आणि बाजूची दोन दलं यांची तुलना करा. मधलं दोन्ही बाजूंनी सारखं असतं. बाजूच्या दलांची मात्र बाहेरची बाजू फुगीर आणि आतली अरुंद असते, दल मधल्या शिरेवर वाकडं कापल्यासारखं दिसतं. पान उलटं करून पाहा, खालून रुपेरी-राखाडी मऊ लव दिसेल. देठ जिथे खोडाला आणि दलं जिथे देठाला जुळतात तिथे जाडसर सांधा असतो. या सांध्यातल्या पेशींत पाणी भरतं-ओसरतं, तशी पानं दिवसा पसरतात आणि रात्री झुकतात. संध्याकाळी आणि सकाळी एकाच वेलीकडे पाहिलंत तर हा फरक सहज टिपता येतो. पानावरची ही लव खाजरी नसते, पण लहान मुलांना पानं चोळायला देऊ नये, कारण वाळलेल्या जुन्या शेंगेची कुसं पानावर पडलेली असू शकतात.

फूल हा या वेलीचा सगळ्यात देखणा भाग. पानाच्या बगलेतून फुलांचा तुरा निघतो आणि खाली लोंबतो, वीतभर किंवा त्याहूनही लांब. फुलं गर्द जांभळी, कधी काळपट जांभळी, आणि तुऱ्याच्या दांड्यावरच्या गाठींवर दोन-दोन, तीन-तीन मिळून येतात. एक फूल तोडून हातात घ्या, मात्र ते पाकळ्यांना धरून. देठाजवळच्या पेल्यावर बारीक केस असतात, त्यांच्यातले काही बोचतात. वाटाणा, हरभरा, तूर यांच्या फुलात पाच पाकळ्यांची जी मांडणी असते तीच इथेही आहे: वर एक पताका, बाजूला दोन पंख आणि तळाला दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. पण प्रमाण वेगळं. तुरीच्या फुलात पताका सगळ्यात मोठी आणि उठून दिसणारी असते. खाजकुइलीत पताका आखूड, नावेच्या जेमतेम निम्मी, आणि नाव सगळ्यांत लांब. त्या नावेचं टोक बोटाने चाचपून पाहा. ते वर वळलेलं, टणक आणि टोकदार असतं, पोपटाच्या चोचीसारखं. म्युकुना प्रजातीची ही पक्की खूण आहे. हे एकदा बोटाला कळलं की दुसऱ्या कुठल्याही शेंगवेलीशी तिची गल्लत होत नाही.

नाव हलकेच उघडलीत तर आत दहा पुंकेसर दिसतील. नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. त्यांच्या टोकांवरचे परागकोश दोन तऱ्हांचे असतात: पाच लांबट, पाच आखूड, आणि एकाआड एक लागलेले. शाळेतल्या साध्या भिंगातून हा फरक दिसतो. या प्रजातीच्या काही मोठ्या जातींत नाव आपोआप उघडत नाही. फुलावर बसणाऱ्या प्राण्याने ठराविक जागी जोर दिला की आत दाबून धरलेले पुंकेसर झटक्यात बाहेर पडतात आणि पराग त्याच्या अंगावर उडतो. मध्य अमेरिकेतली एक जात हे काम वटवाघळांकडून करून घेते, तर जपान-तैवानकडची एक खारी आणि माकडांकडून. आपल्या खाजकुइलीला असल्या पाहुण्यांची वाट बघावी लागत नाही, ती स्वतःच्या परागावरही चांगली शेंग धरते. म्हणूनच धुऱ्यावर एकच वेल असली तरी पुढल्या वर्षी दहा दिसतात.

आता शेंग. दिवाळीच्या सुमारास शेंगा भरू लागतात आणि मार्गशीर्षापासून वाळू लागतात. बोटाएवढी लांब, बोटाएवढीच जाड, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेली, अंगावर उभ्या कडा, आणि सगळीकडे दाट तपकिरी-सोनेरी कुसं. उन्हात ती मखमलीसारखी चमकतात आणि लहान मुलांना हात लावावासा वाटतो तो नेमका इथेच. प्रत्येक कूस दोन-तीन मिलिमीटरची, आतून पोकळ, आणि टोकाकडे उलटे दाते असलेली असते. कातडीत घुसली की दात्यांमुळे ती सहज निघत नाही, आणि चोळावं तशी आत जाते. तिच्यात म्युकुनेन नावाचं प्रथिन फोडणारं विकर असतं. शेली आणि आर्थर या संशोधकांनी 1955 साली ते वेगळं काढून दाखवलं. पुढे 2008 मध्ये हेही कळलं की हे विकर कातडीतल्या मज्जातंतूंच्या ठराविक ग्राहकांना थेट चेतवतं. पित्त उठल्यावर किंवा डास चावल्यावर येणारी खाज प्रामुख्याने हिस्टामिनची असते, ही तशी नाही. ॲलर्जीची गोळी घेऊनही खाजकुइलीची खाज फारशी का उतरत नाही, याचं उत्तर इथे आहे.

या माहितीचा उपयोग खाज लागलेल्या घडीला होतो. पहिली गोष्ट, खाजवू नका आणि कपड्याने पुसू नका. घाम आलेल्या अंगावर टॉवेल फिरवला की चार बोटांवरची कुसं पाठभर पसरतात. रुंद चिकटपट्टी घ्या, लागलेल्या जागेवर हलकेच दाबा आणि ओढून काढा. दरवेळी नवा तुकडा घेऊन असं चार-पाचदा करा. कुसं पट्टीला लागून येतात. रानात पट्टी नसेल तर ओल्या चिकणमातीचा लेप देऊन तो वाळल्यावर खरवडून काढतात, त्याचंही तत्त्व हेच. मात्र खाजवून ओरखडे उठले असतील तर माती लावू नका, आणि शेण तर कधीच नको. धनुर्वाताचा धोका खाजेपेक्षा कितीतरी मोठा आहे. कुसं निघाल्यावर साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, वर कॅलामाइन लावा. अंगावरचे कपडे लगेच बदला, वेगळे भिजवा, इतर कपड्यांत टाकू नका. डोळ्यात कूस गेली तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहा आणि तसंच दवाखाना गाठा, घरचा कुठलाही उपाय करत बसू नका. श्वासातून गेली आणि धाप लागू लागली तरीही तेच.

गुराखी आणि शेतमजूर यांना आणखी एक सांगणं. वेल वाळल्यावर तिला पेटवून देऊ नका. धग लागली की सुटी कुसं गरम हवेबरोबर वर उडतात आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या माणसांवर येतात. नको असलेली वेल काढायची तर ती फुलावर असताना, ओल असताना, बुडातून छाटावी. फुलोऱ्याच्या वेळी छाटलेली वेल बी टाकत नाही. त्यापेक्षा सोपा बंदोबस्त मला माहीत नाही.

गल्लत होते ती कुठल्या वेलींशी, तेही पाहू. सातपुड्यात विदारीकंदाची वेल भेटते, तिचंही पान त्रिदल आणि खालून लवदार असतं. पण ती बहुवर्षायू, जमिनीत मोठा कंद असलेली, आणि तिला निळसर फुलं येतात ती होळीच्या आसपास, वेल निष्पर्ण असताना. शेंग चपटी आणि बियांमध्ये आवळलेली असते. अबईची वेलही झुडपांवर चढते. तिच्या फुलात पताका खालच्या बाजूला असते, म्हणजे फूल उलटं लागलेलं दिसतं, आणि शेंग लांब, रुंद, गुळगुळीत, वरच्या काठाला दोन्ही अंगांनी कड असलेली असते. परसातला वाल सगळ्यांना माहीत आहे: फुलाची नाव काटकोनात वाकलेली, शेंग चपटी, बियांवर पांढरी लांब रेघ. पळसाचं कोवळं रोप त्रिदल असतं म्हणून पोरं फसतात, पण ते वेल नव्हे आणि पान चामड्यासारखं जाड. गुंजेच्या पानाला दलंच कितीतरी असतात, तिचा प्रश्न उद्भवत नाही.

बी मात्र नीट पाहण्यासारखं आहे. एका शेंगेत चार ते सहा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, चकचकीत काळं किंवा तपकिरी ठिपक्यांचं. शेंगेला ते जिथे चिकटलेलं असतं ती खूण आखूड असते आणि तिच्याभोवती फिकट उठावदार कडा असते. किनाऱ्यावरच्या मोठ्या जातीत हीच खूण बीच्या परिघाचा बराचसा भाग वेढून असते. बाजारात खाजकुइलीचं बी कवचबीज म्हणून मिळतं, ते विकत घेताना या कडेकडे बघून घ्यावं.

ज्यांना ती लावायची आहे त्यांनी आधी दोन प्रकार समजून घ्यावेत. रानातली खाजरी आणि लागवडीतली बिनखाजेची. लागवडीच्या प्रकाराला शास्त्रात युटिलिस म्हणतात. पान, फूल, वाढ सगळं जवळपास सारखं, पण शेंगेवर आखूड, अंगाशी चिकटलेली निरुपद्रवी लव असते. शेतात लावायची ती हीच. हिरवळीचं खत आणि तणाला दाबणारं आच्छादन म्हणून तिचा उपयोग उष्ण प्रदेशांत जगभर करतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी एक रोप मुळासकट हलकेच उपटा, माती झटकून गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. सोयाबीनच्या गाठी तपासतानाही हीच पद्धत वापरता येते.

बियांचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, फुगलेल्या बिया तेवढ्या पेराव्यात. न फुगलेल्या बियांचं कवच डोळ्याची बाजू वाचवून दगडावर जरासं घासावं आणि पुन्हा भिजवावं. पाऊस लागला की पेरणी करावी, आधारावर चढवायची असेल तर दोन वेलींत मीटरभर अंतर पुरेसं. पाणी साचणारी भारी काळी जमीन टाळा, तिथे ती पिवळी पडते; निचऱ्याची मध्यम किंवा मुरमाड जमीन बरी. हिरवळीसाठी घ्यायची तर फुलावर आली की कापून तिथेच पसरावी. कपाशीच्या किंवा तुरीच्या ओळीत मात्र तिला शिरू देऊ नका, उभ्या पिकाला वेढे घालून ती ते आडवं करते. फळबागेत लावली तर बुंध्यापाशी दर पंधरा दिवसांनी शेंडे छाटावे लागतात. बियाण्याची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करावी, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचं नागार्जुन उद्यान आहे, तिथेही विचारता येईल.

रानातलं बी गोळा करणाऱ्यांनी पहाटेची वेळ धरावी. दवाने शेंग ओली असते आणि कुसं उडत नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, आणि वारा पाठीशी. शेंगा हाताने न ओढता विळ्याने घडासकट कापून ओल्या पोत्यात टाकाव्यात, पोत्यातच वाळवून बाहेरून बडवाव्यात आणि पोतं उघडताना पुन्हा पाणी शिंपडावं. अभयारण्याच्या हद्दीत असं काही गोळा करू नये, कायद्याने ते चालत नाही.

शेवटचा मुद्दा खाण्याचा, आणि तो मी सगळ्यात जास्त काळजीने सांगतो. आयुर्वेदात ही आत्मगुप्ता, कपिकच्छू म्हणून प्रसिद्ध आहे आणि आठवडी बाजारातही कवचबीजाची पूड ताकदीची म्हणून विकायला असते. तिच्या बियांत एल-डोपा हे द्रव्य साधारण 3 ते 6 टक्के असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली ते याच बियांतून वेगळं केलं होतं. पुढे हेच द्रव्य कंपवाताचं मुख्य औषध ठरलं. मेंदूवर काम करणारं द्रव्य चमच्याने मापून घ्यायचं नसतं. 1989 साली मोझांबिकच्या उत्तरेत युद्ध आणि दुष्काळामुळे लोकांना या बियांवर पोट भरावं लागलं. वारंवार उकळून पाणी फेकून देण्याची तिथली रीत त्या टंचाईत पाळता आली नाही, आणि भ्रम होणं, बरळणं अशी लक्षणं गावंच्या गावं पसरली. आपले वैद्यही बी तसंच वापरत नाहीत, दुधात उकळून, साल काढून मगच वापरतात. तेव्हा पूड घ्यायचीच असेल तर वैद्यांना दाखवून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. कंपवाताच्या, मानसिक आजाराच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, आणि गरोदर बायकांनी व अंगावर पाजणाऱ्या आयांनी ती घेऊच नये. गुरांच्या आंबोणातही कच्चं बी भरडून टाकू नका.